नवी मल्टी-पंप एअर रायफल: पहिल्या छऱ्यापासून पडणारे प्रश्न

नवी रायफल आली आणि पहिल्या पंधरा दिवसांत छऱ्यांचा एक मोठा डबा संपला. तेवढ्या काळात मला पडलेले, आणि मला ही रायफल चालवताना पाहून इतरांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझी रायफल ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याची आहे. तिला बोल्ट, म्हणजे छर्रा नळीत ढकलणारा सरकता खटका, आहे, ती एका वेळी एकच छर्रा घेते आणि ३ ते १० पंपांवर चालते. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो. बेंजामिन ३९२ ला कमाल ८ पंप चालतात, क्रॉसमन २१०० ला १०, तर सेनेका ड्रॅगनफ्लाय मार्क २ ला १५. तेव्हा माझा आकडा तुमच्या रायफलीला लावू नका, तुमच्या पुस्तिकेतला लावा.

मल्टी-पंप म्हणजे नेमकं काय?

नळीच्या खालचा लाकडी किंवा प्लास्टिकचा हातधरा बिजागरीवर उघडतो. तोच पंपाचा दांडा. तो उघडला की आतला दट्ट्या पुढे, नळीच्या तोंडाकडे सरकतो आणि हवा आत येते. मिटला की ती हवा दाबली जाऊन एका छोट्या कोठीत जाते आणि एकदिशा झडप तिला परत येऊ देत नाही. असं तीनदा, पाचदा, दहादा करायचं. चाप ओढला की हातोडी हवा सोडणाऱ्या दुसऱ्या झडपेवर आदळते, कोठीतली हवा सुटते आणि छर्रा निघतो. बहुतेक मॉडेलांत एका गोळीला कोठी पूर्ण रिकामी होते, म्हणजे पुढच्या गोळीला पुन्हा पहिल्यापासून पंप. सायकलचा पंप माहीत असेल तर अर्धी रायफल तुम्हाला आधीच समजली आहे.

हातात घेतल्यावर पहिलं काय जाणवलं?

हलकी वाटली. स्प्रिंगच्या रायफलीत जाडजूड स्प्रिंग आणि दट्ट्या असतो, पीसीपीत, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेल्या सिलिंडरवाल्या रायफलीत, हवेची टाकी असते. इथे दोन्ही नाही. खांद्याला लावली की वजन मध्ये, पंपाच्या आसपास जाणवतं आणि तोल चांगला बसतो.

दुसरी गोष्ट, दांडा नवा असताना घट्ट असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी अडकलंय. अडकलं काही नव्हतं, बिजागरी आणि दट्ट्याचा वायसर अजून बसायचे होते. शंभरेक गोळ्यांनंतर तोच दांडा सरळ चालायला लागला.

खेळण्यातलीच आहे ना? मग एवढी खबरदारी कशाला?

खेळण्यातली नाही. पूर्ण दाबाने सुटलेला छर्रा डोळा घालवू शकतो, कातडी फोडून आत जाऊ शकतो, आणि लक्ष्य चुकलं तर काही शे मीटर लांब जाऊन पडू शकतो. मागे छर्रा थांबवणारं काहीतरी हवंच: मातीचा ढीग, जाड लाकडामागे भरलेली चिंध्यांची पेटी, किंवा खास छर्रे अडवणारा लोखंडी सापळा. दगड, विटांची भिंत आणि पाणी यांच्यावरून छर्रा उसळतो. चष्मा तुम्हीही लावा आणि शेजारी उभा असलेल्यालाही लावायला लावा.

मल्टी-पंपची म्हणून एक वेगळी गोची आहे. पंप मारताना रायफल पोटाशी धरून आडवी-तिडवी फिरते आणि नळीचं तोंड कुठे चाललंय याकडे लक्ष राहत नाही. मी पंप नेहमी लक्ष्याकडे तोंड करूनच मारतो, आणि छर्रा सगळ्यात शेवटी घालतो. कुठे चालवता येते, कोणाला चालवता येते, किती ताकदीची ठेवता येते, हे नियम जागोजागी वेगळे आहेत. ते आधी बघा.

एक गोळी मारायची म्हणजे क्रम काय?

माझा क्रम असा. सेफ्टी लावायची. बोल्ट मागे ओढायचा, म्हणजे हातोडी चढते. उजव्या हाताने दस्त्याची मान धरायची, डाव्याने दांडा पूर्ण उघडायचा आणि मिटायचा. ठरलेले पंप मोजून मारायचे. दांडा नीट बसला का ते चाचपून बघायचं. मग छर्रा ठेवायचा, बोल्ट पुढे ढकलून खाली वळवायचा, खांद्याला लावायची, सेफ्टी काढायची.

दोन गोष्टी नवखा हमखास चुकतो. एक, दांडा अर्धाच उघडतो. दट्ट्या पूर्ण पुढे गेल्याशिवाय हवा आत यायचं भोक उघडत नाही, त्यामुळे अर्धा पंप म्हणजे नुसताच व्यायाम. दुसरी, दांडा मिटताना बोटं मध्ये ठेवतो. दहाव्या पंपाला दांडा आणि नळी यांच्यामध्ये तर्जनीचं टोक सापडलं की काय होतं ते माझ्या नखाला विचारा. आठवडाभर निळं होतं. तळवा दांड्याच्या खालच्या बाजूला सपाट टेकवायचा, बोटं वर गुंडाळायचीच नाहीत.

पंप मारतोय, पण दाब चढत नाही आणि नळीतून सुस्स आवाज येतो. रायफल खराब निघाली का?

असेलही, पण आधी बोल्ट बघा. मीही पहिल्याच संध्याकाळी सहा पंप मारले, सगळे लोण्यासारखे गेले, आणि नळीतून हवा गळत होती. रायफल परत पाठवायच्या तयारीत होतो. कारण साधं होतं: मी बोल्ट मागे ओढलाच नव्हता. काही मॉडेलांत हातोडी चढवलेली नसली की ती झडपेच्या दांडीवर रेलून राहते आणि झडप किंचित उघडी ठेवते. हवा येते तशी जाते. बोल्ट ओढला, पुन्हा पंप मारले, तिसऱ्यालाच हाताला दाब लागला.

हातोडी चढवूनही गळत असेल तर एखादा पंप जोरात मारून बघा. नव्या झडपेला कधीकधी ठोसा लागतो तेव्हा ती बसते. त्यानेही झालं नाही तर विक्रेत्याकडे न्या. झडप स्वतः उघडण्याचा उत्साह वॉरंटी संपेपर्यंत आवरा.

किती पंप मारावेत?

हा खरा प्रश्न, आणि माझं उत्तर पहिल्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत बदलत गेलं.

पहिल्या दिवशी मी दर गोळीला दहा पंप मारले. दहा मारता येतात तर पाच का मारायचे? वीस गोळ्यांनंतर डावा हात थरथरायला लागला. थरथरत्या हाताने धरलेल्या रायफलीला कितीही दाब द्या, नेम लागणार नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रयोग म्हणून कधी चार, कधी सहा, कधी आठ मारले आणि कागदावर भोकं उभ्या रेषेत विखुरली. मी नेम धरायची मागची खाच वरखाली करत बसलो. खाचेचा काही दोष नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं.

गणित साधं आहे. छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघाला तर १० मीटरवर पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने साधारण २.३ सेंटीमीटर खाली येतो. २०० मीटर वेगाने निघाला तर १.३ सेंटीमीटर. म्हणजे नेम तोच, हात तोच, फक्त पंप कमी-जास्त, आणि भोकांमध्ये १ सेंटीमीटरचा फरक. २५ मीटरवर हाच फरक सहा-सात सेंटीमीटर होतो. कागदावरच्या वर्तुळांत सहा-सात सेंटीमीटर म्हणजे लक्ष्याच्या बाहेरच.

म्हणून एक आकडा पकडा आणि महिनाभर तोच ठेवा. मी १० मीटरच्या कागदासाठी पाच धरले आहेत. पाच पंपांना हात दमत नाही, आवाज कमी होतो, एका बैठकीत पन्नास-साठ गोळ्या आरामात होतात. नेम त्या पाचावरच बसवला. लांबच्या डब्यांसाठी आठ मारतो, आणि आठाला डब्याच्या कुठल्या कडेवर माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) ठेवायची ते वेगळं पाठ केलंय. मोजताना कोणी बोलायला लागलं आणि आकडा विसरला, तर अंदाजाने पुढे जात नाही. छर्रा न घालता सुरक्षित दिशेला हवा सोडून देतो आणि एकपासून सुरू करतो. घरचे आता मी मोजत असताना मुद्दाम प्रश्न विचारतात, तो भाग वेगळा.

दहाची मर्यादा आहे, बारा मारले तर जास्त जोर मिळेल का?

नाही, उलट कमी मिळू शकतो. कोठीतला दाब झडपेला मागून दाबून धरतो. दाब मर्यादेबाहेर गेला की हातोडीला झडप पूर्ण उघडता येत नाही. थोडी हवा सुटते, छर्रा मलूल निघतो आणि उरलेली हवा आतच राहते. फार पंप झाले तर झडप उघडतच नाही. मग हाती असते ती हवेने ठासून भरलेली आणि सुटत नसलेली रायफल. शिवाय बिजागरी, पिना आणि वायसर यांच्यावर येणारा ताण वेगळा. जादा पंपांनी पैलवानकी सिद्ध होत नाही, फक्त सुटे भाग लवकर लागतात.

प्रत्येक पंपाला जोर सारखाच वाढतो का?

नाही. प्रत्येक पंप साधारण तेवढीच हवा आत ढकलतो, पण दोनाचे तीन झाले तर आधीच्या निम्मी हवा वाढते आणि नवाचे दहा झाले तर जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी. त्यात दाब चढला की थोडी हवा दट्ट्याच्या पुढच्या फटीत अडकून राहते, कोठीत जातच नाही. त्यामुळे शेवटच्या दोन पंपांत मेहनत सर्वात जास्त आणि कमाई सर्वात कमी.

हे हातालाही कळतं. पहिल्या पंपाला दांडा जवळजवळ मिटेपर्यंत हलका असतो, फक्त शेवटच्या बोटभर अंतरात प्रतिकार येतो. पाचव्याला तो प्रतिकार अर्ध्यावर सुरू होतो, आठव्याला त्याच्याही आधी. आतला दाब किती झालाय ते दांडा स्वतःच सांगतो.

ऊर्जेचं मात्र उलटं आहे, ती वेगाच्या वर्गाने वाढते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा १५० मीटर वेगाने गेला तर साडेपाच ज्यूलच्या आसपास, २०० ने गेला तर १० ज्यूल. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण मार पाऊणपटीहून जास्त वाढला. मागचा अडसर पाच पंपांना पुरतोय म्हणून दहालाही पुरेल असं धरू नका.

खांद्याला धक्का बसतो का?

जवळजवळ नाहीच. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढल्यावर जड दट्ट्या आतल्या आत धावतो, त्यामुळे ती आधी मागे आणि मग पुढे हिसका देते. ती कुठे टेकवली, किती घट्ट धरली, यावर गोळी हलते. मल्टी-पंपात हलणारा भाग म्हणजे छोटीशी हातोडी. एक टक्क जाणवतं, बस्स. वाळूच्या पिशवीवर टेकवा, गुडघ्यावर टेकवा, कशीही धरा, ती रुसत नाही. सुरुवात करणाऱ्याला हा मोठा आधार आहे, कारण गोळी चुकली की चूक कोणाची ते लगेच कळतं.

आवाज किती येतो?

तीन पंपांना वही आपटल्यासारखा. दहाला चांगला फटाक्. पण खरा गोंगाट पंपाचा असतो: दांडा मिटताना होणारा खट्, खट्, खट्. दांडा आपटू नका. शेवटचे दोन इंच दाबून मिटवा, आवाजही कमी होतो आणि बिजागरीही टिकते. कधी गोळीनंतर नळीच्या तोंडाशी धुक्याचा बारीक भुरका दिसतो. दाबलेली हवा एकदम पसरून थंड होते, त्यातली ओल आणि नळीतलं तेल दिसू लागतं. घाबरण्यासारखं काही नाही.

कुठले छर्रे घ्यावेत? लोखंडी गोल बीबी चालतील का?

कागदासाठी सपाट तोंडाचे. ते कागदाला पंचसारखं गोल भोक पाडतात, गुण मोजायला सोपं जातं. लांबच्या मारासाठी गोल डोक्याचे बरे, हवेत वेग जरा जास्त टिकवतात. टोकदार दिसायला भारी, माझ्या कागदावर मात्र सगळ्यात विखुरलेले तेच.

छऱ्याची कंबर बारीक आणि मागची झालर पातळ असते. हवेच्या दाबाने झालर फुलते आणि नळीच्या आतल्या पेचदार आट्यांना घट्ट बसते. म्हणून डब्यातले झालर चेपलेले छर्रे बाजूला काढायचे. एकाच डब्यात दहा-बारा तरी निघतात. त्यांना मी पंप तपासण्याच्या गोळ्यांसाठी ठेवतो.

बीबीचं उत्तर मॉडेलवर आहे. क्रॉसमन २१०० सारख्या काही रायफली दोन्ही घेतात. पितळी नळीच्या रायफलीत पोलादी बीबी घातले तर आट्या झिजतात. आणि चालत असले तरी बीबी कठीण पृष्ठभागावरून सरळ तुमच्याकडे परत येतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरायचे नाहीत, आणि झाल्यावर खाण्याआधी साबणाने हात धुवायचे.

छर्रा बोल्टपुढच्या खळग्यात ठेवताना उलटतो. काही युक्ती?

रायफलीचं तोंड किंचित खाली करा, म्हणजे छर्रा स्वतःच नळीकडे घरंगळतो. उलटा पडला की बोल्टने दामटायचा नाही, झालर फाटते. रायफल आडवी करून बाहेर पाडा. थंडीत बोटं बधिर असताना हे काम पंपापेक्षा जास्त चिडचिडं होतं, आणि याला खास उपाय मला सापडलेला नाही.

नवीन रायफलीचा नेम कधी बसवायचा?

पहिल्या पन्नास गोळ्या नेमाच्या नादी लागू नका. कारखान्यातून येताना नळीत गंज न लागण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते निघेपर्यंत छर्रे इकडेतिकडे जातात. नंतर पंप ठरवा, छर्रा ठरवा, रायफल टेकवा आणि एकाच बिंदूवर पाच गोळ्या मारा. एका भोकावरून खाच फिरवू नका. पाच भोकांचा मध्य काढा आणि मग फिरवा. मागची खाच छर्रा जिकडे न्यायचा तिकडे सरकवायची, पुढची माशी हलत असेल तर ती उलट दिशेला.

माझ्या पहिल्या पाच भोकांवर चहाची बशी ठेवावी लागली असती. दोन आठवड्यांनी पाच भोकं बाटलीच्या बुचाखाली झाकली जातात, तीही चांगल्या दिवशी.

स्कोप बसवू का?

मी बसवला आणि चार दिवसांत काढला. धक्का नसल्यामुळे स्कोपला त्रास नाही, पण पंप मारताना दुसऱ्या हाताची पकड जिथे सगळ्यात चांगली बसते, नेमका तिथेच तो येऊन बसतो. मग लोक स्कोपलाच धरून पंप मारतात आणि नेम हलतो. शिवाय स्कोप नळीपासून चार-पाच सेंटीमीटर वर असतो, त्यामुळे पाच मीटरवर गोळी बरीच खाली लागते. डोळे साथ देत असतील तर माशी-खाच ठेवा. नजर कमी असेल तर मागे भोकाची साईट (बारीक भोकातून नेम धरायची) लावा, ती कमी जागा घेते.

चाप जड लागतो. सैल करावा का?

जड असतो हे खरं. बोटाच्या पेराने सरळ मागे, हळूहळू ओढायची सवय लावा. शे-दोनशे गोळ्यांनी तो थोडा गुळगुळीतही होतो. कानशीने घासून हलका करण्याचे प्रयोग करू नका. आपटल्यावर आपोआप सुटणारी रायफल कोणाच्याच कामाची नाही.

तेल किती आणि कुठे?

इथे नमनाला घडाभर तेल अजिबात नको. पुस्तिकेत सांगितलेलं एअर गनचं तेल, दट्ट्याच्या वायसरवर एक थेंब, आणि बिजागरीच्या पिनेला एक थेंब, दर काहीशे गोळ्यांनी. गंज सोडवणारे फवारे वापरू नका, ते रबराचे वायसर आणि ओ-रिंग खराब करतात. नळीला रोज साफ करायची गरज नाही. इथे दारू जळत नाही, त्यामुळे काजळी साठत नाही.

ठेवून देताना आत हवा ठेवायची का?

जुने लोक एक पंप मारून ठेवतात, म्हणजे झडप दाबाने मिटलेली राहते आणि धूळ बसत नाही. मीही तसंच करतो. पण छर्रा आत नसल्याची दोनदा खात्री करून, बोल्ट उघडा ठेवून आणि कपाटाला कुलूप लावून. घरात लहान मुलं असतील आणि पुस्तिकेत रिकामी ठेवा म्हटलं असेल, तर वाद न घालता रिकामी ठेवा.

ऑलिम्पिकमध्ये हीच रायफल असते का?

नाही. १० मीटर एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये १९८४ साली आली. पूर्वी स्प्रिंगच्या आणि एकाच पंपात दाब भरणाऱ्या रायफली चालायच्या. आता आधीच हवा भरलेल्या सिलिंडरच्या असतात, म्हणजे दर गोळीला तोच दाब. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हाताने मोजलेल्या पाच पंपांवर तो भागत नाही.

मग स्प्रिंग किंवा पीसीपी सोडून ही का घ्यायची?

टाकी नको, वेगळा पंप नको, गॅसची कुपी नको. ताकद गोळीगणिक ठरवता येते. धक्का नाही. बदल्यात प्रत्येक गोळीला मेहनत. धडाधड गोळ्या मारायच्या असतील तर ही रायफल दोन दिवसांत अडगळीत जाईल. मला तो संथपणा आवडला. पंप मोजून होईपर्यंत मागची गोळी का चुकली याचा विचार होतो.

लहान मूल चालवू शकेल का?

दोन-तीन पंप दहा-बारा वर्षांचं मूल मारू शकतं, त्यापुढे मोठ्यांनी मारून द्यावे लागतात. मोठं माणूस शेजारी, हाताच्या अंतरावर. सेफ्टी कोण काढणार हे आधी ठरलेलं.

एका बैठकीत किती गोळ्या माराव्यात?

मी पन्नासला थांबतो. चाळिसाव्या गोळीनंतर भोकं खाली सरकायला लागली की हात दमलाय हे कळतं. पंप अर्धे उघडले जातायत, खाच बरोबरच आहे. कागद काढायचा, तारीख आणि पंपांचा आकडा कोपऱ्यात लिहायचा आणि रायफल कपाटात.